जळलेल्या डोंगराखालची घरं

दुपारचे अडीच वाजले असतील. पऱ्याचा आवाज एकदम बंद झाला.

पाऊस थांबला नव्हता. उलट सकाळपेक्षा वाढला होता. वाचनालयाच्या पत्र्यावर तो असा आदळत होता, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. पण त्या आवाजाखाली सकाळपासून दुसरा एक घोगरा आवाज होता. डोंगरातून उतरून खालच्या आळीला खेटून नदीकडे धावणाऱ्या ओढ्याचा, आमच्याकडच्या भाषेत पऱ्याचा. तोच नाहीसा झाला होता.

सरपंच सुमनवहिनी उतेकर ओसरीवर छत्री झटकत होत्या. त्यांनी कान दिला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"ओसरला वाटतं पऱ्या. बरं झालं बाई. सकाळपासून जीव टांगणीला लागला व्हता."

माझ्या हातात पर्जन्यमापकाचं काचेचं मोजपात्र होतं. खांबेऱ्याचं वाचनालय मी सांभाळत असे, आणि त्याच्या मागच्या अंगणातलं ते पाऊस मोजायचं यंत्रही. रोज सकाळी साडेआठला आकडा तालुक्याला कळवायचा, एवढंच काम. त्या दिवशी मी दर तासाला मोजत होतो.

"गेल्या तासात अठ्ठावन्न मिलिमीटर झालाय," मी म्हणालो. "मग पाणी कमी कसं होईल?"

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला की भाऊ."

माझा आवाज लहानपणापासून बारीक. मी पुन्हा बोललो. "पाणी कमी नाही झालेलं. वर कुठेतरी अडलंय. डोंगराची माती आणि जळकी झाडं वाहून आली असतील, त्यांनी पऱ्या तुंबलाय. हा बांध फुटला की सगळं एकदम खाली येईल."

"नक्की?"

या शब्दाची मला आयुष्यभर भीती वाटत आली आहे. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तेव्हाही मी "तसं वाटतंय" असं म्हणालो होतो, सोयरीक मोडली. सुमनवहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. वाचनालयाच्या दारातून खालची आळी दिसत होती. अकरा घरं, अकरा घरांच्या कौलांतून निघणारा धूर.

"नक्की," मी म्हणालो.

"मागल्या वेळीबी तुमी..."

"हो. मागच्या वेळी माझं चुकलं."

मागच्या वेळी म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी फाल्गुनात आमच्या डोंगराला वणवा लागला होता. पायथ्यापासून कड्यापर्यंत गवत, कारवी, करवंदीच्या जाळ्या, सगळं तीन दिवस जळत होतं. चैत्रात मी पाण्याची बाटली घेऊन वर गेलो. एका जुन्या मासिकात वाचलं होतं, की आगीनंतर डोंगर पाणी पीत नाही. ते खरं का, ते बघायचं होतं. मी राखेवर पाणी ओतलं. ते अळवाच्या पानावरून ओघळावं तसं गोळ्या होऊन उताराला लागलं. बोटाने माती उकरली, तर खाली धूळ. थेंबसुद्धा मुरला नव्हता.

जूनमध्ये पऱ्याला काळं पाणी आलं, तेव्हा मी धीर करून सुमनवहिनींना सांगितलं. त्यांनी खालची आळी उठवली. अकरा घरांतली माणसं दोन दिवस शाळेत राहिली, कारण शाळा पऱ्यापासून लांब, खडकाच्या सोंडेवर आहे. दोन दिवसांत काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. तेव्हापासून खालच्या आळीतले बाळाराम उतेकर मला रस्त्यात दिसले, की थांबून विचारायचे, "काय भाऊ, आज डोंगर येनार हाय का? न्हाय म्हंजे, भाकरी किती थापायच्या ते बायकोला सांगावं लागतं."

लोक हसत. मीही हसत असे. माझं चुकलं असेल, असंच मला मनातून वाटत होतं. मी काही भूगर्भाचा जाणकार नाही. मी वाचलेलं सांगणारा माणूस.

सुमनवहिनींनी पदर खोचला. "चला," त्या म्हणाल्या. "हसले तर हसू दे. तुमी पर्ल्याडची घरं घ्या, मी अल्याडची घेते."

पावसात आळी उठवायला पाऊण तास लागला. कुणी चुलीवरचं भांडं उतरवायला परत फिरे, कुणी गुरांचं दावं सोडायला. बाळारामांनी दारातच मला अडवलं.

"परत?"

"परत."

"आणि आज न्हाय आला तर?"

"तर उद्या पुन्हा येऊन उठवेन," मी म्हणालो. हे मी कसं बोललो, मला माहीत नाही. बाळारामांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग आत वळून ओरडले, "ए, चल गं. भाऊ आज तापलेत."

सव्वातीनला सुमनवहिनींनी शाळेच्या पडवीत डोकी मोजली. दोन कमी होती.

"धाकू न्हाय," त्या म्हणाल्या. "आणि त्याची आई. मी दोनदा सांगून आले. दार लावून घेतलं माझ्या तोंडावर."

कुणी निघालं नाही. धाकू शिगवणाचं घर आळीच्या टोकाला, पऱ्याला सगळ्यांत जवळ. आणि डोंगर धाकूने जाळला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फाल्गुनात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. शेण, पाला, गवत पसरून पेटवतात. त्याला राब म्हणतात. धाकूचा राब डोंगराच्या अगदी पायाशी होता. राब भाजला आणि दोन दिवसांनी डोंगर पेटला. फॉरेस्टवाल्यांनी पंचनाम्यात त्याचं नाव घातलं. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमचं ऐकंल तो?"

उत्तर माझ्याकडे होतं, चार महिने होतं.

ते इथे लिहितो, कारण पुढचं कळायला ते हवं. त्या फाल्गुनात वाचनालयाच्या खालच्या फळीला वाळवी लागली. साठेक पुस्तकं कामातून गेली. रद्दीत घालायला मन होईना; भेळेच्या पुड्या बांधायला पुस्तकं द्यायची नाहीत, असं माझे वडील म्हणत. आमच्या घरी जीर्ण पोथ्या वाहत्या पाण्यात सोडायची रीत. पण पऱ्या कोरडा पडला होता, नदीत डबकी उरली होती. म्हणून मी ती पुस्तकं मागच्या अंगणात नेली, नमस्कार केला आणि पेटवली. भर दुपारी, वारा सुटलेला असताना. चाळीस वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाला एवढं कळलं नाही, की कागद पेटला की हलका होतो. एक पान उठलं, कुंपणावरून गेलं आणि डोंगराच्या गवतात उतरलं. मी चप्पल हातात घेऊन धावलो. मी पोहोचेपर्यंत जाळ माझ्या कमरेएवढा होता.

तिसऱ्या दिवशी लोक म्हणाले, धाकूच्या राबाची ठिणगी राहिली असणार. मी ते ऐकलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणालो.

धाकूचं दार मी ढकललं, तेव्हा तो चुलीजवळ बसून इरल्याची सुटलेली वीण बांधत होता. त्याची आई भागीरथी भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्यांनी ती अधू होती; धरल्याशिवाय उठता येत नसे.

"बसा भाऊ," धाकू म्हणाला. वर पाहिलं नाही.

"बसायला वेळ नाही, धाकू. पऱ्या तुंबलाय. फुटला तर पहिलं घर तुझं."

"असंल की."

"सगळे शाळेत गेलेत."

"तेच तर. त्यांच्यात जाऊन काय करू? चार महिनं झालं, कुनी बोलत न्हाय. आवणालाबी बोलावलं न्हाय कुनी. माजी लावणी मी एकट्यानं केली, आन् म्हातारी बांधावर बसून रोपं फेकत व्हती." त्याने वेताचं टोक दातांनी ओढलं. "डोंगर मी जाळला ना? मंग येऊ दे त्याला. घर ठावं हाय त्याला माजं."

"आईचा तरी विचार कर."

"आयेलाच इचारा."

"मी न्हाय जायची त्या शाळंत," म्हातारी म्हणाली. "मागल्या टायमाला गेलो, तर बायांनी माज्याजवळची चटई उचलून पल्याड नेऊन टाकली. मेलेलं बरं."

मी दारात उभा होतो. पाठीवर पाऊस लागत होता. खाली पऱ्या अजून गप्प होता.

"धाकू, वणवा तू लावला नाहीस."

"त्ये मला ठावं हाय. राब इझवून दोन दिस झालं व्हतं. कळश्या आनून मी सोता पानी मारलं व्हतं. पन कुनाला सांगू?"

"मी लावला."

त्याचे हात थांबले.

"वाचनालयामागे जुनी पुस्तकं जाळत होतो. एक पान उडालं. माझ्या डोळ्यांदेखत गवतात पडलं. मला विझवता आलं नाही. आणि नंतर मला सांगता आलं नाही."

चुलीत लाकूड तडतडलं. धाकू उठला. तो माझ्याहून वीतभर उंच होता. तो आता मारणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्याने माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली.

"हे तिकडं बोलशील?"

आजवर त्याने मला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती.

"बोलेन."

"समद्यांम्होरं?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने माझी गळपट्टी सोडली नाही. तसाच मान वळवून म्हणाला, "आये, ऊठ. हा काय बोलतो ते ऐकू दे गावाला."

"उठव मला," म्हातारी म्हणाली. "मलाबी ऐकायचंय."

त्याने आईला पाठुंगळी घेतलं, तिच्या डोक्यावर इरलं टाकलं आणि मला पुढे घातलं. घरातलं काही घेतलं नाही. दारही लावलं नाही. चिखलाने भरलेल्या चढावर मी दोनदा घसरलो. दोन्ही वेळा त्याने मला काखेत हात घालून उचललं आणि पुन्हा ढकललं. "चल. चल पुढं," एवढंच म्हणत होता. पाठीवरून म्हातारी म्हणत होती, "पळून जाऊ देऊ नको रे त्याला."

शाळेच्या पडवीत आम्ही शिरलो, तेव्हा सुमनवहिनी पुढे धावल्या. "आलास बाबा! देव पावला."

"देव ऱ्हाऊ दे," धाकू म्हणाला. त्याने आईला बाकावर बसवलं, मला पडवीच्या मधोमध उभं केलं. "बोल."

पन्नास-साठ माणसं होती. पोरं, बाया, म्हातारे, ओल्या गोधड्या. मी सभेत कधी बोललेलो नव्हतो. पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं, तरी आभाराचे चार शब्द मी दुसऱ्याला लिहून देत असे.

"वणवा मी लावला," मी म्हणालो.

पत्र्यावरच्या पावसात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं!" धाकू ओरडला.

"वणवा मी लावला!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. "धाकूनं नाही! मी पुस्तकं जाळत होतो, त्यातलं पान उडालं. धाकूचा राब विझलेला होता. मी चार महिने गप्प बसलो!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. बाळाराम हसले. वाईट हसणं नव्हतं ते. "आवो भाऊ," ते म्हणाले, "आला ना तो? झालं मंग. आता कशाला घसा ताणताय?"

"मी खरं सांगतोय!"

"व्हय, व्हय, खरंच."

त्याच वेळी वास आला. आधी वास, मग आवाज. वास नांगरलेल्या मातीचा, पण शंभर पट, आणि त्यात राखेचा. पायाखालची फरशी थरथरली. कुणीतरी "बाप रं" म्हणालं. आम्ही कठड्याकडे धावलो.

ते पाणी नव्हतं. काळपट चिखलाची एक भिंत होती, तिच्यात जळकी खोडं उभी-आडवी फिरत होती आणि गाडीएवढे दगड तरंगल्यासारखे येत होते. धाकूचं घर गेलं, असं म्हणण्याइतकाही वेळ गेला नाही. ते होतं आणि मग तिथे चिखल होता. त्याच्यापुढची सहा घरं गेली. बाळारामांच्या घराच्या अर्ध्या भिंती राहिल्या, चुलीची बाजू उघडी. मग सगळं नदीत पसरलं आणि पुन्हा फक्त पाऊस ऐकू येऊ लागला.

सुमनवहिनींनी परत डोकी मोजली. मोठ्याने, एकेकाच्या खांद्याला हात लावून. सगळी होती.

महिनाभराने गावाने माझा सत्कार केला. तालुक्याहून साहेब आले होते. भाषणात सुमनवहिनी म्हणाल्या, की भाऊंनी दोनदा आळी उठवली, आणि धाकू ऐकेना तेव्हा स्वतःच्या अंगावर आळ घेऊन त्याला बाहेर काढला. असं डोकं आमच्यापैकी कुणाचं चाललं नसतं. लोक उभे राहिले. मी माईकसमोर गेलो आणि म्हणालो, "तो आळ नव्हता. ते खरं होतं." टाळ्या आणखी वाजल्या. बाळाराम तर डोळे पुसत होते.

फॉरेस्टच्या ऑफिसात मी आधीच लेखी जबाब देऊन आलो होतो. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे बघत तो दोनदा वाचला आणि पंचनाम्यातून धाकूचं नाव काढून टाकलं. कागदावर काम झालं. गावाचं काही झालं नाही. लोक धाकूशी बोलू लागले, पण माफ केल्यासारखे. जाऊ दे, झालं ते झालं, असे.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू वाचनालयात आला. प्रथमच आला होता. पुस्तकांच्या कपाटांकडे बघत दारातच उभा राहिला.

"शाल मिळाली म्हनं."

"मी पुन्हा सांगितलं, धाकू."

"ऐकलं मी. टाळ्या वाजल्या." त्याने छत्री दाराला टेकवली. "असं सभंत सांगून भागत न्हाय, भाऊ. त्या सभंत कुनी माजं नाव घेतलं नव्हतं. घराघरांत घेतलं व्हतं. चुलीम्होरं बसून."

मला कळलं तो काय म्हणतोय.

"पस्तीस घरं आहेत," मी म्हणालो.

"माजं धरू नका. चौतीस. मी येतो संगं. आत येनार न्हाय, रस्त्यावर उभा ऱ्हाईन."

आम्ही दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. रोज पाच-सहा घरं. आळीतली घरं गेलेले लोक शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तीही घरंच धरली. मी आत जायचो, बसायचो, सांगायचो. लोक चहा द्यायचे. कुणी म्हणायचं, "भाऊ, पुरे आता, किती मोठेपणा." कुणी म्हणायचं, "धाकूनं पाठवलं का तुमाला?" मी बाहेर आलो, की धाकू छत्रीखाली उभा असायचा.

"मानलं?"

"नाही."

"चला पुढं."

पाचव्या दिवशी एका घरातून बाहेर येऊन मी म्हणालो, "बहुतेक मानलं." धाकू म्हणाला, "बहुतेक न्हाय. परत जा." मी परत गेलो.

सहाव्या दिवशी बाळारामांची शेड आली. ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. इतक्या वेळा सांगून ते आता माझ्या तोंडून सरळ येत होतं. त्यांनी ऐकलं. अडकित्ता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखा मानूस न्हाय. पन आता दुसऱ्याचं पाप धुवायचं बंद करा."

"शिमग्याला पालखी फिरली," मी म्हणालो. "तुम्ही खांदा दिला होता."

"दिला व्हता. दर साल देतो."

"धाकूच्या दारात पालखी थांबवली नाही. त्याची आई ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. ओवाळायला. निरांजन पेटवलेलं होतं."

बाळारामांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला.

"मी पालखीच्या मागे होतो. तुमच्यापासून चार हातांवर. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. कुणीतरी थांबवेल, असं तिला वाटत होतं. मी मान खाली घातली आणि पुढे चाललो."

"पंधरा दिस झालं व्हतं तवा वणव्याला," बाळाराम हळू म्हणाले.

"हो."

"आन् तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"काय बोल्ला न्हाय?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी दारात पाहिलं होतं तसं नाही. त्यांच्या नजरेत जे आलं, त्याची मी सहा दिवस वाट बघत होतो, आणि आलं तेव्हा मला तिथे बसवेना. असं कुणी स्वतःबद्दल रचून सांगत नाही, हे त्यांना कळलं होतं.

ते उठले. माझ्या बाजूने, मला न शिवता, दाराशी गेले. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"धाकू," त्यांनी हाक मारली. "रस्त्यात कशाला हुबा? आत ये."

"आदी सांग," धाकू तिथूनच म्हणाला. "मानलंस का?"

"मानलं."

धाकू जागचा हलला नाही. मग त्याने छत्री मिटली, दाराशी चपला काढल्या आणि आत आला. बाळारामांनी त्याच्यासाठी खाटेवर जागा केली. आतून त्यांच्या बायकोने दोन कप आणले, दोनच. मला कुणी बस म्हणालं नाही.

मी उठलो. धाकूने माझ्याकडे पाहिलं, पण तो उठला नाही. त्याने आता माझ्याबरोबर यायची गरजही नव्हती.

बाहेर आलो. रस्त्यावर कुणी उभं नव्हतं. अजून दोन घरं राहिली होती. मी चालू लागलो.